वाराच्या दिवशी भरलेली शाळा

दुसऱ्या महायुद्धाच्या तीनचार वर्षे आधी मी बेळगावात एका मराठी साप्ताहिकात उपसंपादक होतो. काम मुख्यतः खोडण्याचे होते. गावोगावचे वार्ताहर पत्रे पाठवत, त्यांतली नमस्कार, शुभेच्छा आणि पावसाची हकीकत काढून टाकली की खाली बातमी उरे. कधी काहीच उरत नसे. या कामामुळे मला निबंध शिकवता येईल असे आमच्या संपादकांना वाटले, आणि रविवारी सकाळी छापखाना बंद असतो म्हणून टाइप जुळवणाऱ्या जुळाऱ्यांच्या खोलीत वर्ग सुरू झाला. टाइपांचे खण भिंतीला होते. मधे दोन बाके टाकली होती.

विद्यार्थी सात होते आणि सातही जण प्राथमिक शाळांचे मास्तर होते. शिक्षकाच्या दाखल्याची परीक्षा न देता ते हंगामी म्हणून नेमले गेले होते. शाळा चालवणारे बोर्ड दर वर्षी त्यांची मुदत वाढवत असे. कायम व्हायचे तर बाहेरून परीक्षेला बसून पास होणे भाग होते, आणि सातही जण निबंधात निदान एकदा नापास झालेले होते. वयाने सगळे माझ्याहून मोठे होते. मला ते अण्णा म्हणत. एकमेकांना मास्तर म्हणत, त्यामुळे कुणी ‘मास्तर’ अशी हाक मारली की सहा माना वळत.

त्यांच्या लिहिण्यात दोन दोष होते. पहिला असा की निबंधाचा मुद्दा शेवटच्या ओळीत येई, किंवा येतच नसे. ‘शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर वडगावच्या मास्तरांनी चार पाने लिहिली होती. त्यांत हातमाग, रंगाची हौदी, गावातल्या जुन्या तालमीचा इतिहास, एवढे आले होते. शिक्षण शेवटच्या ओळीत आले आणि पान संपले.

“हे आधी का नाही सांगितलं?” मी विचारले.

“आधी कसं सांगायचं, अण्णा? कुणाच्या दारात गेलं की लगेच काम सांगतो व्हय आपण? बसायचं, पाणी प्यायचं, पोराबाळांचं विचारायचं. मग निघताना, उठता उठता, म्हणायचं.”

“परीक्षक उठायची वाट बघत नाही. त्याच्यापुढं दोनशे पेपर असतात.”

“मग त्यो माणुसकीचा न्हाय,” निपाणीचे मास्तर म्हणाले. निपाणीतल्या तंबाखूच्या वखारींमागच्या शाळेतून ते बदलून शहापुरात आले होते. सातांत तेच सर्वांत अनुभवी होते.

दुसरा दोष सर्वनामांचा होता. एकदा प्रत्येकाला आपल्या शाळेतला एक प्रसंग लिहायला सांगितला. एका वहीत वाक्य होते: ‘पाटील व दिपोटी शाळेत आले आणि त्यांनी त्यांच्यासमोर त्यांना शाबासकी दिली.’ शाळा तपासणाऱ्या डेप्युटी साहेबांना आमच्याकडे सगळे दिपोटी म्हणत. वही ज्यांची होती ते मास्तर चाळिशीचे, उंच आणि सावकाश बोलणारे होते. कंग्राळीच्या पलीकडे दोन कोसांवर त्यांचे गाव होते, तिथून ते चालत येत. त्यांना मात्र बाकीचे आप्पा म्हणत.

“शाबासकी कुणी दिली, आप्पा?”

“दिपोटींनी. पाटील कशाला देतील?”

“कुणासमोर?”

“पाटलांसमोर.”

“आणि कुणाला?”

आप्पांनी खाली बघितले. “मला.”

“मग ‘मला’ का नाही लिहिलं?”

“आपली शाबासकी आपल्याच तोंडानं कशी सांगायची? आणि गावाला ठाऊक हाय कुणाला दिली ते.”

“वाचणारा गावातला नाही.”

हे वाक्य मी त्या वर्षी बहुधा प्रत्येक रविवारी बोललो. फळ्यावर नियमही लिहून ठेवला होता: पहिल्या वाक्यात मुद्दा, आणि प्रत्येक ‘तो’, ‘ती’, ‘ते’ कोण हे वाचणाऱ्याला बोटाने दाखवता आले पाहिजे. वृत्तपत्रात मला हे शिकवले गेले होते. ते खरे आहे याबद्दल मला त्या काळी शंका नव्हती.

एका रविवारी आप्पा वेळेच्या आधी आले. हातात बोर्डाचा लांब लिफाफा होता. दिपोटींचे पत्र होते आणि आठ दिवसांत लेखी खुलासा मागितला होता. मागच्या मंगळवारी दिपोटी न कळवता तपासणीला आले तेव्हा शाळेला कुलूप होते. दुसऱ्या दिवशी पट्टेवाला पाठवून हजेरीची वही मागवली, तेव्हा त्याच मंगळवारी एकतीसपैकी एकतीस मुले हजर मांडलेली आढळली. बंद शाळेची पूर्ण हजेरी मांडल्याबद्दल नोकरीतून का काढू नये, असे पत्रात विचारले होते. आप्पांची त्या शाळेतली अकरा वर्षे झाली होती. घरात आई, बायको, तीन मुली होत्या. शेत नव्हते.

“एकतीस?” निपाणीच्या मास्तरांनी विचारले. “एरवी किती असतात?”

“अठरा. सुगीत बारा.”

“मग खोटी मांडायची तर अठरा तरी मांडायची होती, आप्पा. एकतीस कोण मानंल?”

“पण हुतीच की एकतीस. समदी हुती.”

ते मग त्यांनी क्रमाने सांगितले. जत्रेच्या आधी आमच्या भागात गावोगाव देवीचे वार पाळतात. पाळायच्या दिवशी जाते फिरवायचे नाही, नांगर धरायचा नाही, उखळात मुसळ टाकायचे नाही. आप्पांच्या गावात तर घरात चूलही पेटवत नाहीत. सकाळी सगळे गाव भांडी, तांदूळ, म्हातारी माणसे आणि गुरे घेऊन वेशीबाहेर जाते, आमराईच्या पलीकडच्या माळावर रांधते आणि दिवस मावळताना परत येते. आदल्या संध्याकाळी तराळ दवंडी देतो. त्या मंगळवारी असा वार होता. गावात कुणी मागे राहिले नाही. वेशीपासून शाळेपर्यंत दिपोटींना एकही माणूस भेटला नाही आणि ज्याला कारण विचारावे असे कुणी नव्हते. अर्ध्या कोसावर आमराईच्या आड चारशे माणसे जेवत होती, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता.

आप्पा माळावर जाताना हजेरीची वही घेऊन गेले होते. गुरे राखणारी, धाकटी भावंडे सांभाळणारी, कधीच न येणारी सगळी मुले एका जागी होती. असे दिवस वर्षात मोजकेच येतात. त्यांनी मुलांना झाडाखाली बसवले, नावे पुकारली आणि भात शिजेपर्यंत पाढे म्हणून घेतले.

“आणि पाटीवर काही लिहून घेतलं?” मी विचारले.

“पाटी न्हाय. पंचांनी सांगितलं, तोंडानं म्हणा, पाटीवर पेन्सिल चालवली की ते काम झालं. वाराला काम चालत न्हाय.”

खुलासा त्यांनी लिहून आणला होता. सात पाने होती. पहिल्या पानावर देवी गावात कशी आली ते होते. दुसऱ्यावर प्लेगच्या साली वार मोडला तेव्हा काय झाले ते. तिसऱ्या ते पाचव्या पानांवर गावाने शाळेसाठी काय काय केले याची हकीकत होती: जागा कुणी दिली, वासे कुणी दिले, कुठल्या घरातून मास्तरांना ताक येते. सहाव्या पानाच्या मधोमध हे वाक्य होते: ‘सबब त्यांच्या आज्ञेवरून ते बंद करून त्यांना घेऊन ते तिकडे गेले.’

मी ते वर्गाला मोठ्याने वाचून दाखवले. आपला खुलासा वर्गात वाचला जावा ही आप्पांचीच इच्छा होती. तो निबंधच आहे, असे ते म्हणाले.

“त्यांच्या म्हणजे?”

“पंचांच्या,” वडगावचे मास्तर म्हणाले.

“ते बंद करून?”

“दार.”

“त्यांना घेऊन?”

“पोरांना.”

“आणि ते गेले. हे ते कोण?”

बाकीचे आप्पांकडे बघू लागले. मग आप्पा म्हणाले, “मी.”

“तुम्ही स्वतःला ‘ते’ म्हणता?”

“मास्तर म्हणून लिवलंय. मास्तर गेले.”

निपाणीचे मास्तर हसले नाहीत. त्यांना खरोखरच काळजी वाटत होती. त्यांनी आप्पांना बाजूला घेऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे, सांगितले की गोवराची साथ होती असे लिहा. “गोवर म्हटलं की कुणी जवळ येत न्हाय. मी दोनदा लिवलाय. दोन्ही वेळा चाललं.”

“मग हजेरी एकतीस कशी?” मी विचारले.

“ते बी खरंच. गोवराला एकतीस जास्त होतात.”

आप्पांनी गोवर घेतला नाही. गावात गोवर आला असे खोटे लिहिले आणि देवीने खरा आणला तर काय, असे ते म्हणाले. यावर कुणी वाद घातला नाही.

मी त्यांना विचारले की तुमचे म्हणणे एका वाक्यात काय आहे. ते म्हणाले, “माझी नोकरी जाऊ नये.” मी सांगितले की ही विनंती झाली, म्हणणे नव्हे. अर्धा तास गेला. शेवटी मी बातमीदार विचारतो तसे विचारू लागलो. शाळा बंद होती की भरली होती? भरली होती. कुठे? माळावर. किती वाजता? ऊन आमराईच्या बुंध्यापर्यंत आले तेव्हा. म्हणजे आठ. कोणी भरवली? इथे ते पुन्हा थांबले.

“आम्ही समद्यांनी.”

“पाढे कोण म्हणून घेत होतं?”

“मी.”

वाक्य तयार झाले. ‘त्या दिवशी शाळा भरली होती आणि ती मी गावाबाहेरच्या माळावर भरवली.’ त्याखाली दोन छोटे परिच्छेद: वार काय असतो, आणि मुले किती, कोणते पाढे. बाकीची सहा पाने मी निळ्या पेन्सिलीने आडवी रेघ मारून काढली. देवी गेली, प्लेग गेला, वासे आणि ताक गेले, पंचही गेले. पंचांचे नाव घातले तर पंचांतल्या पाटलांना त्रास होईल, म्हणून ते नसावे अशी आप्पांची स्वतःचीही इच्छा दिसली. खुलासा अर्ध्या पानात बसला. मी तो वर्गाला नमुना म्हणून फळ्यावर उतरवून दिला. सहा जणांनी वहीत उतरून घेतला.

निपाणीच्या मास्तरांनी उतरून घेतला नाही. “लई उघडं झालंय,” ते म्हणाले.

दहा दिवसांनी दिपोटींनी आप्पांना कचेरीत बोलावले. आप्पा सकाळी छापखान्यावर आले आणि म्हणाले, “अण्णा, तुम्ही नुसतं बाहेर बसा.” मी गेलो. कचेरीच्या पडवीत बाक होते. तिथून आतले टेबल दिसे आणि बोलणे ऐकू येई. बाकाच्या दुसऱ्या टोकाला चार माणसे धुतलेले पटके बांधून बसली होती. त्यांतले एक आप्पांच्या गावचे पाटील होते. त्यांना कुणी बोलावले नव्हते. पहाटे निघून ते चालत आले होते आणि आप्पांशी एक शब्द बोलले नाहीत.

दिपोटी धारवाडकडचे होते. मराठी शाळांचे काम असल्याने मराठी वाचत, पण सावकाश वाचत, ओठ हलवून. त्यांनी खुलाशाचे पहिले वाक्य मोठ्याने वाचले आणि कागद खाली ठेवला.

“म्हणजे इमारत बंद होती, हे तुम्हाला मान्य आहे.”

“व्हय साहेब.”

“शाळा बाहेर नेली, ती तुम्ही नेली. परवानगी कोणाची होती?”

आप्पांनी खुलाशातला दुसरा परिच्छेद दाखवण्यासाठी हात पुढे केला, पण दिपोटींनी कागद आपल्याकडे ओढला.

“इतकं स्पष्ट लिहिल्यावर पुढं वाचायचं काय राहिलं? आयतु.” आयतु म्हणजे कानडीत झाले. त्यांनी टाक दौतीत बुडवला.

पहिल्या वाक्यात मुद्दा आला की वाचणारा बहुधा दुसऱ्या वाक्यापर्यंत जात नाही. हे वृत्तपत्रात सगळ्यांना ठाऊक असते. म्हणूनच तर मुद्दा पहिल्या वाक्यात घालतात. आप्पांचा बचाव दुसऱ्या परिच्छेदात होता. मी बाकावर बसून होतो.

पाटील उठले, वहाणा पडवीत काढल्या आणि आत गेले. मागून तिघे गेले.

“रामराम साहेब.”

“काय काम आहे?”

“काम काय न्हाय. आलतो शहरात, म्हटलं भेटून जावं.” पाटील खाली जाजमावर बसले. “धारवाडकडं पाऊस कसा हाय औंदा?”

“बरा आहे. काम सांगा.”

“हिकडं बी बराच म्हणायचा. तुमचं घोडं त्या दिवशी लंगडत हुतं म्हणं, तराळ सांगत हुता. वढ्याजवळ माग दिसला त्याला. नाल बसवून घ्या साहेब, आमच्याकडं चांगला माणूस हाय.”

दिपोटींनी टाक खाली ठेवला. घोडे खरोखरच लंगडत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले. “तुम्ही या मास्तरांसाठी आला आहात?”

“त्येनं लिवलंय ते बरोबर न्हाय.”

आप्पांनी मान वर केली.

“तुम्ही वाचलंत?” दिपोटींनी विचारले.

“मला वाचाय येत न्हाय. तुम्ही आता वाचलासा ते ऐकलं. शाळा मास्तरानं नेली म्हणतंय ते. मास्तर कोण शाळा न्हेणार? वार गावाचा. गाव गेलं. गाव गेल्यावर शाळा मागं ऱ्हाऊन काय करंल? पोरं आमच्याबरबर आली, ह्यो आपला मागनं वही घिऊन आला.”

“म्हणजे मास्तरांनी खोटं लिहिलं?”

“खोटं न्हाय. एकट्याचं लिवलंय.”

बाकीच्या तिघांपैकी एक म्हातारा म्हणाला, “पाढे म्हटले ते मात्तर खरं. सतराचा चुकला माझा नातू. समद्या गावानं ऐकला.”

“मुलं किती होती?”

“मोजायला कशाला लागतंय?” पाटील म्हणाले. “समदी हुती. माझी नात बी हुती, ती कवा शाळेत येत न्हाय.”

दिपोटींनी कागद पुन्हा उचलला आणि ओठ हलवत दुसरा परिच्छेद वाचला. मग तिसरा. हजेरीची वही उघडून पाटलांच्या नातीचे नाव शोधले. ते होते. त्यांनी पाटलांना लिहून द्याल का असे विचारले. पाटील म्हणाले अंगठा देतो, आणि चौघांनी दिला. कारकुनाने त्यावर काय लिहिले ते मला दिसले नाही, पण बराच वेळ लिहीत होता.

आप्पांची नोकरी राहिली. हुकूम असा होता की हजेरी खोटी नसल्याचे दिसते. न कळवता शाळा दुसरीकडे भरवल्याबद्दल ताकीद दिली आहे. हंगामी मुदत याच वर्षापुरती वाढवली असून यंदाच्या परीक्षेत नापास झाल्यास पुढे वाढवली जाणार नाही.

बाहेर आल्यावर पाटील आप्पांशी बोलले नाहीत. माझ्याशी बोलले.

“तुम्हीच लिवून दिलं व्हय?”

“लिहिलं त्यांनीच. मी खाडाखोड केली.”

“पाच पानं गाव हुतं म्हणं त्यात.”

“तीन,” मी म्हणालो. “बाकीची देवीची आणि प्लेगची होती.”

“ते बी गावच. ते खोडलासा तुम्ही.”

“तुमच्यावर काही येऊ नये म्हणून आप्पांनी...”

“आमच्यावर काय येतंय? दिपोटी काय माझी पाटीलकी काढणार हाय?” मग ते प्रथमच आप्पांकडे वळले. “वार मोडला की गाव विचारतं, कुणी मोडला. आता पाळला तर म्हणं मास्तरानं. उद्या जत्रेत तोंड कसं दावायचं रं आम्ही?”

“चुकलं,” आप्पा म्हणाले.

“चल आता. ऊन व्हायच्या आत निघू.”

पाचही जण चालू लागले. आप्पा चौघांच्या मागे काही अंतर ठेवून चालत होते. चौकापर्यंत ते अंतर तसेच राहिले.

पुढच्या रविवारी मी फळ्यावरचा नियम तसाच ठेवला, कारण परीक्षक बदललेला नव्हता. त्याच्याखाली मात्र एक ओळ वाढवली: मुद्दा कोणाचा आहे ते आधी ठरवावे. निपाणीच्या मास्तरांनी विचारले की याला किती गुण असतात.

आप्पा जत्रा होईपर्यंत वर्गाला आले नाहीत. नंतर आले ते नेमाने आले आणि एकही रविवार चुकला नाही. त्यांचे निबंध आखूड होत गेले. सर्वनामे जागच्या जागी बसली. ‘मी’ लिहिताना ते अजून थांबत, पण लिहीत. परीक्षा बेळगावातच होती. निबंधाच्या दिवशी मी दुपारी शाळेच्या फाटकापाशी गेलो. निपाणीचे मास्तर घंटा झाल्यावरही पुरवणी बांधत बसले आणि मग बाहेर आले. आप्पा त्यांच्या आधीच आले होते आणि पायरीवर बसले होते.

“मुद्दा पहिल्या वाक्यात मांडला?”

“मांडला.”

“मग?”

“मग दोन तास काय लिवायचं ते सुचंना.”

“काय केलंत?”

“दीड पानात झालं. तपासून बघितलं. मग बसून ऱ्हायलो. मधे उठून कसं जायचं.”

निकालाची यादी दोन महिन्यांनी आमच्या साप्ताहिकाकडे छापायला आली. नावे नव्हती, फक्त पास झालेल्यांचे बैठकीचे क्रमांक होते. मुद्रिते मी तपासली. आप्पांचा क्रमांक तिसऱ्या रकान्यात होता. मी तो मूळ यादीशी दोनदा ताडून पाहिला आणि पान छपाईला सोडले. निपाणीच्या मास्तरांचा क्रमांक नव्हता. त्यांच्या शाळेत त्या पावसाळ्यात पुन्हा गोवर आला.